एका माणसाकडे किती साचे?

नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा कापसाचे सूत कातण्याचे जगातले प्रतिष्ठित यंत्र म्हणजे म्यूल. सॅम्युअल क्रॉम्प्टन या इंग्रज कारागिराने १७७९ मध्ये ते बनवले आणि पुढे रिचर्ड रॉबर्ट्स याने त्याला स्वयंचलित रूप दिले. म्यूलचे गाडे पुढे सरकताना धागा ताणत आणि पिळत जाई, आणि मागे येताना तो धागा चातीवर गुंडाळला जाई. म्हणजे कातणे आणि गुंडाळणे ही दोन कामे आळीपाळीने चालत. अमेरिकेत १८२८ मध्ये जॉन थॉर्प याने शोधलेल्या रिंगच्या यंत्रात मात्र एका पोलादी कड्यावर बारीकशी तार धागा घेऊन गरगर फिरते, त्यामुळे पीळ भरणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जमशेटजींनी रिंगची यंत्रे नागपुरात आणून चालवून पाहिली, त्यांचे उत्पादन मोजले आणि हळूहळू म्यूल बाजूला सारले. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक तेव्हाच नव्हे, तर त्यानंतरही कित्येक वर्षे म्यूललाच चिकटून होते.

ही हकिकत बहुधा द्रष्ट्या उद्योजकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि जमशेटजींचे श्रेय कमी करण्याचे मला काही कारण नाही. पण बँकेच्या कर्जखात्यात आयुष्य घालवल्यामुळे मला एक खोड जडली आहे: कोणी नवे यंत्र घेतले हे कळले, की दुसऱ्याने ते का घेतले नाही, हे मी आधी विचारतो. लँकेशायरच्या मालकांना रिंग ठाऊक नव्हती असे नाही. त्यांच्याकडे म्यूल चालवणारे कसबी पुरुष कारागीर होते, त्यांची संघटना भक्कम होती, आणि उत्पादनावर किती मजुरी द्यायची याचे तक्ते दोन्ही बाजूंनी मान्य केलेले होते. तिथे सूत एका गावात कातले जाई आणि कापड दुसऱ्या गावात विणले जाई. रिंगचे सूत जड लाकडी बॉबिनवर येत असल्याने ते आगगाडीने पाठवायचे, तर त्या लाकडाचेही भाडे भरावे लागे. शिवाय लँकेशायरचा भर बारीक सुतावर होता, ज्यासाठी म्यूल सरस मानला जाई. इकडे नागपूर-मुंबईत जाडेभरडे सूत लागे, बहुतेक सूत त्याच आवारात विणले जाई किंवा रीळखात्यातल्या बाया त्याच्या लडी करून चीनला पाठवायच्या गठ्ठ्यांसाठी देत, आणि रत्नागिरी-साताऱ्याहून नुकताच आलेला माणूस रिंगचे काम थोड्या दिवसांत शिकू शके. यंत्र तेच होते, परंतु त्याच्या भोवतीची माणसे, बाजार आणि वाहतूक निराळी असल्यामुळे एका ठिकाणी जो शहाणपणा ठरला, तोच दुसऱ्या ठिकाणी त्या वेळी आतबट्ट्याचा व्यवहार वाटत होता.

एम्प्रेस मिलच्या इतिहासातली आणखी एक नोंद मला रिंगइतकीच महत्त्वाची वाटते. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. आपण या गोष्टी ‘कल्याणकारी’ सदरात टाकून पुढे जातो. पण गिरणीच्या व्यवस्थापकाची त्या काळची मुख्य अडचण अशी होती, की शेतीचा हंगाम आला किंवा घरात लग्नकार्य निघाले की माणूस गावी निघून जाई आणि चालू यंत्रे हातांअभावी उभी राहत. निधीत जमलेले पैसे माणसाला गिरणीशी बांधून ठेवत. न थांबणाऱ्या यंत्राला न थांबणारे मनुष्यबळ हवे असते, आणि ते मिळवण्याची युक्ती ही यंत्राच्याच बरोबरीची नवी युक्ती होती.

मुंबईच्या गिरण्यांचे सोन्याचे दिवस आले ते चीनच्या बाजारामुळे, आणि ते गेलेही तिथूनच. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने चांदीची मुक्त टांकणी, म्हणजे कोणीही चांदी आणून तिचे रुपये पाडून घेण्याची सोय, बंद केली. रुपया चांदीच्या भावापासून सुटून वर गेला, चीनचे व्यवहार मात्र चांदीतच राहिले, त्यामुळे मुंबईचे सूत तिथे महाग पडू लागले. त्याच सुमारास जपानमधल्या ओसाकाच्या गिरण्या पुढे सरसावल्या. १८८२ मध्ये उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ओसाका स्पिनिंग कंपनीने विजेच्या दिव्यांखाली रात्रंदिवस यंत्रे चालवण्याचा पायंडा पाडला. जपानी गिरण्यांनी रिंग झपाट्याने स्वीकारली. त्यांची बरीच यंत्रे इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचीच होती, म्हणजे मुंबईला यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीचीच, आणि कापूसही मोठ्या प्रमाणावर आपल्याकडचाच होता. रिंगवर शेतकरी कुटुंबांतल्या कोवळ्या मुली दोन पाळ्यांत काम करीत आणि गिरणीच्याच वसतिगृहात राहत. १८९७ पर्यंत जपानची सुताची निर्यात आयातीहून अधिक झाली होती.

विजेचा दिवा मुंबईतही आला, पण इथे त्याने दुसरी पाळी आणण्याऐवजी आधी दिवसच लांबवला. पूर्वी गिरणी उजाडल्यावर सुरू होई आणि मावळतीला थांबे. दिवे लागल्यावर बाजार तेजीत असताना १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांनी तीच माणसे चौदा-चौदा तास आणि त्याहूनही अधिक वेळ उभी केली. त्यावरून गदारोळ झाला, चौकशी समिती आणि आयोग नेमले गेले, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचे काम १२ तासांवर आणले. उत्पादन वाढले होते यात शंका नाही, पण ते माणसाच्या झोपेतून काढलेले होते, आणि अशा वाढीला उत्पादकता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिव्याच्या जोडीने पाळ्यांची नवी मांडणी करावी लागते, ती आपल्याकडे फार उशिरा झाली.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्याने मुंबईच्या गिरणी उद्योगाचा पुढचा इतिहास घडवला. एका विणकराने किती साचे चालवायचे? गिरणगावात मागाला साचा म्हणत आणि विणकाम खात्याला साचेखाते. मुंबईत एका माणसाकडे साधारणपणे दोन साचे असत. अर्थेतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या निबंधात १९१० च्या आसपासच्या गिरण्यांची देशोदेशी तुलना करून दाखवले होते, की अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात एक विणकर सरासरी आठ माग सांभाळत असे, तर हिंदुस्थानात तेवढेच माग सांभाळायला चार माणसे लागत. यंत्रांची बनावट, कापूस, हवामान अशी एकेक कारणे वजा करत ते अखेरीस स्थानिक माणसाच्या कामाच्या गतीपाशी येऊन थांबले. या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मजुरी स्वस्त आणि यंत्र महाग असेल, तर यंत्र क्षणभरही उभे राहू नये म्हणून जास्त माणसे लावणे मालकाला परवडते. कापूस आखूड धाग्याचा आणि हलका असेल, तर सूत वारंवार तुटते आणि तुटलेला धागा जोडायला हात लागतात. तरीही क्लार्क यांनी मांडलेली आकडेवारी झटकून टाकता येत नाही, असेच माझे मत आहे. माणसे कमी काम करत होती की नव्हती, हा प्रश्न सोडून अधिक साचे घेण्यासारखे कामगारांच्या पदरात काय पडणार होते, हा प्रश्न विचारला, तर तीच आकडेवारी वेगळे बोलू लागते.

त्याचे उत्तर १९२८ मध्ये मिळाले. जपानी कापडाच्या स्पर्धेने बेजार झालेल्या मालकांनी, त्यांत ससूनांच्या गिरण्या आघाडीवर होत्या, सुसूत्रीकरण हाती घेतले, म्हणजे दोन साच्यांऐवजी तीन साचे, आणि रिंगखात्यात एका माणसाकडे यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. कागदावर ही सुधारणा अगदी वाजवी दिसते. पण साचेखात्यातल्या माणसाच्या जागी उभे राहून तिच्याकडे पाहिले, तर ती अशी दिसते: सूत पूर्वीसारखेच तुटणारे, तीन साच्यांवर नजर ठेवायची म्हणजे खराब कापड निघण्याचा धोका वाढणार, खराब निघालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची अनेक गिरण्यांची रीत, आणि प्रत्येक दोन माणसांमागे तिसऱ्याची नोकरी जाणार, तो बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच खोलीत पथारी टाकणारा. मजुरीत काही वाढ देऊ केली होती, पण धोक्याचा वाटा जवळपास सगळा कामगाराकडे होता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला. त्याच संपात गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा उभा राहिला, डांगे, जोशी, मिरजकर, आळवे, कासले ही नावे घराघरांत पोचली, आणि अखेर सरकारने नेमलेल्या फॉसेट समितीकडे वाद सोपवून गिरण्या सुरू झाल्या. त्या संपाकडे यंत्रविरोधी अडाणीपणा म्हणून पाहणारे लोक मला आजही भेटतात. मला तो फार हिशेबी संप वाटतो, कारण नफा दोघांच्या मेहनतीतून येणार आणि नुकसान एकाच्या पगारातून जाणार, असा करार कोणताही शहाणा माणूस नाकारतो.

मालकांचाही एक हिशेब होता आणि तो खोटा नव्हता. जपानमध्ये साकिची टोयोडा आणि त्यांचा मुलगा किइचिरो यांनी १९२४ मध्ये ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार केला. त्यात धोट्यातली, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या शटलमधली, कांडी संपत आली की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई, आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर माग आपणहून थांबे. एक माणूस तीसहून अधिक माग पाहू शकेल, अशी ही रचना होती. यातली खरी चतुराई, माझ्या मते, वेगापेक्षा त्या थांबण्यात आहे. माग स्वतः थांबतो तेव्हा खराब कापडाची जबाबदारी माणसाच्या डोळ्यांवरून यंत्राकडे जाते, आणि मग आणखी माग स्वीकारायला माणसाची हरकत कमी होते. मुंबईत तिसरा साचा मागितला गेला, तेव्हा साच्यात असा काही बदल फारसा झालेला नव्हता. वाढवायचे होते ते फक्त माणसाचे लक्ष. १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. पाऊण शतक जगाला यंत्रे विकणारी ओल्डहॅमची कंपनी आपल्याच एका गिऱ्हाइकाच्या देशातून शोध विकत घेत होती, यावरून वारे कोणत्या दिशेने वाहू लागले होते ते कळते.

मुंबईने मग सरकारकडे धाव घेतली. ज्या सरकारने लँकेशायरच्या दबावाखाली १८९६ पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता आणि तो १९२६ मध्ये कुठे रद्द केला होता, त्याच सरकारने १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावर ७५ टक्के जकात लावली. जपानी गिरण्यांनी उत्तर म्हणून हिंदुस्थानचा कापूस घेणे थांबवले. तडजोड १९३४ च्या करारात झाली: जपानने इथला १५ लाख गाठी कापूस घ्यायचा आणि त्या बदल्यात ४० कोटी वार कापड इथे विकायचे. वऱ्हाडातला कापूस उत्पादक आणि परळचा साचेवाला यांचे हितसंबंध एकमेकांच्या विरुद्ध कसे उभे राहू शकतात, हे या करारात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. जकातीमुळे गिरण्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. त्या वेळात कारखान्याच्या आत काय बदलले, याचा ताळेबंद मात्र फार उत्साहवर्धक नाही.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी मी थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांनी सांगितली आहे. हातमागाला संरक्षण म्हणून १९५६ पासून गिरण्यांतल्या मागांची संख्या गोठवली गेली. गिरण्यांना वाढता येईना आणि मधल्या जागेत गिरण्यांबाहेरचा, छोट्या शेडमधला यंत्रमाग पसरला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या गिरण्यांचे कापड भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीत आधीच विणले जाऊ लागले होते. त्या संपाने गिरणगाव संपवले असे म्हणण्यापेक्षा, दोन साचे की तीन साचे हा न सुटलेला प्रश्न गिरणीतून उचलून अशा शेडमध्ये नेला गेला, जिथे प्रश्न विचारायला संघटना फारशी नव्हती, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. यंत्रमागावर तोच माणूस चार, सहा, काही ठिकाणी आठ माग चालवू लागला. म्हणजे अधिक माग सांभाळणे आपल्या माणसाला जमत नाही, हा समज तिथे आपोआप गळून पडला. मजुरी मात्र गिरणीच्या पगाराच्या आसपासही गेली नाही.

माझ्या नोकरीची काही वर्षे इचलकरंजीत गेली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी संस्थानिक नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव मागांच्या आवाजात जगत आले आहे. केंद्र सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १९९९ मध्ये आली. तिच्यात नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजात पाच टक्क्यांची सवलत होती, आणि १ जानेवारी २००५ पासून कापडाच्या जागतिक व्यापारातले कोटे संपणार म्हणून सगळ्यांचीच लगबग चालली होती. शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या, मागांचे प्रस्ताव आमच्या टेबलावर येत, आणि त्यांतला तांत्रिक भाग वाचायला मला मनापासून आवडे, कारण त्यात कविता नसली तरी अंकगणित चोख असे. इंचाला ६० पिकांचे, म्हणजे ६० आडव्या धाग्यांचे, कापड धरा. साधा माग मिनिटाला १२० पिक टाकतो आणि सत्तर टक्के कार्यक्षमतेने चालतो असे मानले, तर चोवीस तासांत साधारण ५१ मीटर कापड निघते. हवेच्या झोताने धागा फेकणारा एअरजेट माग मिनिटाला ६०० पिक टाकतो आणि पंच्याऐंशी टक्क्यांनी चालतो असे मानले, तर सुमारे ३११ मीटर निघते. म्हणजे एका मागाचे काम सहापट, शिवाय कापड एकसारखे, शर्टिंगच्या निर्यातदाराला दाखवण्याजोगे.

प्रस्तावात विजेचा दर, सुताचा भाव, विम्याचा हप्ता सगळे काटेकोर असे. ‘कामगार’ या रकान्यात मात्र एक संख्या आणि एक मासिक रक्कम एवढेच असे, आणि ती रक्कम कोठून आली हे विचारले की कारखानदार हसून म्हणत, “साहेब, चालू आहे तोच दर.” पण चालू दर हा मीटरचा दर होता! इचलकरंजीत साध्या मागावरची मजुरी ५२ पिकांचे कापड प्रमाण धरून मीटरमागे ठरते आणि दाट किंवा विरळ कापडाला त्या प्रमाणात कमीजास्त होते. तिच्यासाठी वाटाघाटी होतात, बंद पुकारले जातात, प्रांत कार्यालयात बैठका होतात. कितीही तोकडी असली तरी या पद्धतीत एक न्याय आहे, की कापड वाढले तर मजुरी वाढते. एअरजेटवर तो दर लावणे अर्थातच शक्य नव्हते, कारण वाढलेल्या मीटरांमागे माणसाच्या मेहनतीपेक्षा कोट्यवधींचे यंत्र आणि बँकेचे कर्ज उभे होते. म्हणून मी पाहिलेल्या बहुतेक नव्या शेडमध्ये मजुरी महिन्यावर किंवा पाळीवर गेली. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. परंतु उत्पादन सहापट होताना त्याच्याशी असलेला मजुरीचा धागाच तोडला गेला, आणि नवा धागा कशाशी जोडायचा यावर माझ्या देखत कोणत्याही टेबलावर बोलणे झाले नाही.

जुन्या मागाची सगळी विद्या गावात होती. भाग ओतणारी फौंड्री जवळ, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, हाकेच्या अंतरावर. ताणा तुटताच साधा माग थांबवणारी जोडणीदेखील इथल्या मिस्त्रींनी बसवून दिलेली मी पाहिली आहे. अशा सुधारणांना कर्ज लागत नाही आणि पेटंटही होत नाही, त्यामुळे नवोन्मेषाच्या कोणत्याही सरकारी मोजणीत त्या दिसत नाहीत. एअरजेटची विद्या मात्र बेल्जियम किंवा जपानहून आलेल्या इलेक्ट्रॉनिक कार्डात बंद असते, आणि ती उघडण्याइतके शिकलेला माणूस गावात मोजका असतो. असा माणूस तयार झाला की तो शेजारच्या शेडमध्ये, नाहीतर थेट सुरतेला थोड्या जास्त पगारावर जातो, आणि कारखानदार आमच्यासमोर बसून माणसांच्या बेभरवशीपणाची तक्रार करतात. १८८६ मध्ये नागपुरात याच तक्रारीवर एक उपाय काढला गेला होता, हे त्यांना सांगण्याचा मोह मला अनेकदा झाला.

एकदा एका तरुण कारखानदाराला मी वरचेच अंकगणित त्याच्या पॅडवर उलट करून दाखवले. शिकलेला माणूस सोडून गेला आणि नवख्याच्या हाती एअरजेटची कार्यक्षमता पंच्याऐंशीवरून सत्तर टक्क्यांवर आली, तर ३११ मीटरचे २५६ होतात. एका मागामागे दिवसाला सुमारे ५५ मीटर गेले, म्हणजे त्याने भंगारात काढलेल्या एका अख्ख्या जुन्या मागाच्या उत्पादनाहून चार मीटर जास्तच. त्याने ते दोनदा तपासले, सुताचा भाव धरून रुपयांत मांडले, आणि मग विचारले की जॉबरला आणि दोन साचेवाल्यांना कार्यक्षमतेवर बोनस ठेवला तर तो खर्च प्रस्तावात कोणत्या रकान्यात दाखवायचा. आमच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता. आम्ही तो ‘इतर’मध्ये घातला.